दोन वर्षं, दोघं जण

मिशनरी म्हटलं की मराठी वाचकापुढे एक ठरलेलं चित्र उभं राहतं. लांब कोट, पिकलेली दाढी, हातात व्याकरणाची वही, आणि आपली हाडं इथल्याच मातीत पडणार याची मनाशी तयारी. हे चित्र आपल्याला एकोणिसाव्या शतकाने दिलं. १८१३ साली मुंबईत उतरलेली अमेरिकन मराठी मिशनची मंडळी, विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते जॉन विल्सन, ही माणसं आली ती उभं आयुष्य काढायला. त्यांनी आपली भाषा शिकली, छापखाने घातले, शाळा काढल्या. विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी त्यांच्या जातकुळीतल्या पाद्र्यांशी जाहीर वाद घातले. कुणी त्यांचा राग करावा, कुणी कौतुक. पण त्यांना पोरसवदा कुणी म्हटलं नसतं.

या पुस्तकातला मिशनरी पोरसवदाच आहे. तो अठरा-एकोणीस वर्षांचा आहे. दाढी ठेवायला त्याला परवानगी नाही. परतीचा महिना निघण्याआधीच ठरलेला आहे. अंगात पांढरा शर्ट, छातीवर काळ्या प्लास्टिकची पट्टी, तीवर आडनाव आणि चर्चचं नाव, आणि शेजारी तस्साच दुसरा. अमेरिकेत राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांनी हे दोघे दारात उभे राहिलेले पाहिले आहेत, आणि हसून ‘नको, थँक यू’ म्हणत दार लावलं आहे. दार लागल्यावर ते दोघे कुठे जातात, काय खातात, किती वाजता झोपतात, एकमेकांशी भांडतात का, हे या पुस्तकाचे प्रश्न आहेत.

हे दोघे मॉर्मन मिशनरी. त्यांच्या पंथाची ओळख थोडक्यात उरकते. जोसेफ स्मिथने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात या चर्चची स्थापना केली. ‘बुक ऑफ मॉर्मन’ त्याच वर्षी छापून निघालं. १८४४ मध्ये जमावाने स्मिथला तुरुंगात घुसून ठार केलं. त्यानंतर ब्रिगम यंगच्या मागे अनुयायांचे तांडे पश्चिमेला निघाले आणि १८४७ मध्ये आजच्या युटा राज्यात सॉल्ट लेकच्या खोऱ्यात जाऊन वसले. बहुपत्नीत्वामुळे या पंथाची जगभर जी बदनामी झाली तिचा आजही पिच्छा सुटलेला नाही, जरी चर्चने ती प्रथा सोडत असल्याचं १८९० मध्येच जाहीर केलं. ‘मॉर्मन’ हे नाव चर्चला आता नको आहे. २०१८ पासून पूर्ण नावाचा, म्हणजे ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’चा, आग्रह आहे. मी सोयीसाठी जुनंच नाव ठेवलं आहे. त्यांचं धर्मशास्त्र खरं की खोटं, याची उठाठेव या पुस्तकात केलेली नाही.

व्यवस्था मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळी गंमत तिच्यात आहे. मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. २०१२ च्या ऑक्टोबरात वयाची अट मुलांसाठी एकोणीसवरून अठरा आणि मुलींसाठी एकवीसवरून एकोणीस केली गेली, आणि मुलींचे अर्ज भराभर वाढले. आज जगभर सत्तर हजारांच्या वर तरुण या कामावर असतात. मुलांनी जाणं हे धार्मिक कर्तव्य मानलं जातं. मुलींना मुभा आहे, सक्ती नाही. देश मागून मिळत नाही. अर्जात तब्येत, दात, शाळेत शिकलेली भाषा सगळं भरून द्यायचं आणि वाट पाहायची. सॉल्ट लेक सिटीत चर्चच्या सर्वोच्च मंडळातला कुणी एक तुमचा कागद समोर घेतो आणि नेमणूक ठरवतो. पूर्वी ती पांढऱ्या जाड लिफाफ्यात टपालाने येई आणि सगळं गणगोत जमवून फोडली जाई. २०१८ पासून ती बहुतेकांना पडद्यावरच येते, गणगोत तरीही जमतं. एकाला शेजारचंच आयडाहो राज्य, त्याच्या सख्ख्या भावाला मंगोलिया. कुरकुर करायची सोय नाही, कारण नेमणूक देवाने केली अशी श्रद्धा आहे. बदलीच्या ऑर्डरीवर मंत्रालयात खेटे घालणाऱ्या आपल्या माणसाला या शिस्तीचा हेवा वाटावा.

पगार नाहीच, उलट पैसे घरून भरावे लागतात. अमेरिकन कुटुंबाला २०२० पासून महिना ५०० डॉलर, त्याआधी ४००. मुलगा टोकियोत असो की मनिलात, आकडा एकच. जमा झालेल्या पैशांतून चर्च प्रत्येकाला तिथल्या महागाईप्रमाणे खर्चाला देतं. अनेक मुलं शाळेपासून गवत कापून, हॉटेलात ताटल्या विसळून हे पैसे साठवतात. नंतर युटातल्या प्रोव्हो शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे भाषा आणि उपदेशाची तालीम. जपानी, कोरियन यांसारख्या अवघड भाषांना सुमारे दोन महिने मिळतात. दोन महिन्यांत जपानी! तिथून विमानात बसलेल्या मुलाला प्रार्थना अस्खलित येते, आणि दुकानात अंडी कुठे ठेवली आहेत हे विचारता येत नाही.

मी जपान निवडला याला कारण माझा तिथला मुक्काम. दुभाषी म्हणून काम करताना या मुलांशी ओळख झाली, ती वाढली, आणि काहींनी परत गेल्यावर आपल्या रोजनिश्या वाचायला दिल्या. त्यांची नावं मी कुठेही दिलेली नाहीत. दुसरं कारण असं, की ब्राझील किंवा फिलिपिन्ससारख्या देशात मिशनऱ्याला माणसं ऐकून घेतात, घरात बोलावतात, बाप्तिस्मेही होतात. जपानमध्ये यातलं जवळपास काही होत नाही. काम चालत असताना कामाकडे बघितलं तर माणूस दिसत नाही. काम चालत नसलं की दिसतो.

जपानमधली मॉर्मनांची सुरुवातसुद्धा अशीच आहे. १२ ऑगस्ट १९०१ रोजी चर्चचे एक नेते हेबर ग्रँट तिघांना घेऊन योकोहामाला उतरले. त्या तिघांत अल्मा टेलर हा नुकतीच एकोणीस वर्षं पुरी झालेला मुलगा होता. ग्रँट दोन वर्षांत परतले. टेलर साडेआठ वर्षं राहिला, भाषेत मुरला, आणि ‘बुक ऑफ मॉर्मन’चं जपानी भाषांतर त्याने १९०९ मध्ये पुरं करून छापून घेतलं. एवढं करून पहिल्या तेवीस वर्षांत बाप्तिस्मे झाले ते दोनशेच्याही आत. १९२४ मध्ये हे मिशन बंद करण्यात आलं, आणि बंद करण्याचा निर्णय घेणारे चर्चचे अध्यक्ष होते हेच हेबर ग्रँट. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, ते पुन्हा उघडलं. मधल्या काळातली एक गोष्ट जपानी मॉर्मन फार प्रेमाने सांगतात. युद्ध संपल्यावर नागोयाजवळच्या नारुमी गावात तीन अमेरिकन सैनिकांना एका दुकानात चहा पुढे केला गेला. ते मॉर्मन होते, त्यांनी नको म्हटलं. जिंकलेल्या फौजेतला शिपाई फुकटचा चहा का नाकारतो, या कुतूहलातून बोलणं सुरू झालं, आणि तात्सुई सातो हे गृहस्थ १९४६ मध्ये मॉर्मन झाले. पुढे त्यांनी चर्चसाठी भाषांतराचं मोठं काम केलं.

तो चहा आजच्या मिशनऱ्याच्या मागेही लागलेला आहे. चहा, कॉफी, दारू, तंबाखू या सगळ्याला बंदी, मूळ उपदेश १८३३ चा. जपानमध्ये कुणी घरात घेतलंच, तर पहिल्या मिनिटाला समोर येतो तो हिरवा चहा. तो न पिता यजमानीणबाईंचा मान राखायचा, हे एकोणीस वर्षांच्या मुलाला मोडक्या जपानीत जमवायचं असतं. जुन्या जोडीदाराकडून तो एक युक्ती शिकतो: बाई स्वयंपाकघराकडे वळायच्या आतच, ‘जवाचा चहा असेल तर फार आवडेल’ असं म्हणून टाकायचं. भाजलेल्या जवाच्या ‘मुगिचा’ या पेयात चहाची पत्ती नसते, त्यामुळे ते चालतं, आणि जपानी घरात ते बहुधा असतंच.

आता दिवस. साडेसहाला उठायचं. अर्धा तास व्यायाम, मग अंघोळ, न्याहारी. आठपासून एकट्याने धर्मग्रंथाचा अभ्यास, नऊपासून जोडीने, परदेशात वर भाषेचाही. मग बाहेर. रात्री नऊ-साडेनऊला घरी, दुसऱ्या दिवसाची आखणी, साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून या वेळापत्रकात देशादेशाप्रमाणे थोडी ढील दिली आहे, पण सांगाडा तोच. टीव्ही नाही, सिनेमा नाही, पोहणं नाही, मुलींबरोबर फिरणं नाही, गाणी ऐकायची ती भक्तीला पोषक असतील तेवढीच. एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची नाही. एल्डर अमुक, सिस्टर तमुक. एकोणीस वर्षांच्या मुलाला ‘वडीलधारा’ म्हणून हाक मारताना त्यांचं त्यांनाही सुरुवातीला हसू येतं, महिन्याभरात येईनासं होतं.

माझ्या ओळखीच्या दोघांची खोली सहा चटयांची होती, म्हणजे आपल्याकडे पाहुणे आल्यावर गाद्या घालतो तेवढी. रात्री दोन गाद्या घातल्या की जमीन संपली. सकाळी त्या घडी करून कपाटात. हिवाळ्यात रॉकेलची शेगडी रात्री बंद करायचा नियम, त्यामुळे सकाळी तोंडातून वाफ निघे. भिंतीवर गावाचा नकाशा, त्यावर गल्ल्यांना रंग दिलेले: फिरून झालेल्या गल्ल्या पिवळ्या, पुन्हा जायचं ते घर लाल टिंब. पिवळा रंग भिंतभर, लाल टिंबं तीन. त्यांतलं एक टिंब एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याचं होतं. त्यांना धर्मात काडीचा रस नव्हता, पण इंग्रजीतून बेसबॉलवर गप्पा मारायला कुणीतरी हवं होतं. फ्रिजमध्ये अर्ध्या किमतीची चिठ्ठी लावलेले खाण्याचे डबे. जपानी सुपरमार्केटात संध्याकाळी उरलेल्या डब्यांवर त्या चिठ्ठ्या लागतात, आणि त्या कोणत्या दुकानात किती वाजता लागतात ही माहिती या खोलीत नव्या भाडेकरूला वारशाने मिळे. दाराशी दोन सायकली, दोन हेल्मेटं. मोठ्या माणसाने सायकलवर हेल्मेट घालणं तेव्हा जपानमध्ये दुर्मीळ होतं, त्यामुळे चौकातल्या पोलिसाला हे दोघे फर्लांगावरून ओळखू येत.

बाहेर गेल्यावर काय होतं? बहुतेक वेळा काहीच होत नाही. नव्या इमारतींच्या फाटकाला आपोआप लागणारं कुलूप असतं. बाहेर उभं राहून बटण दाबायचं, कॅमेऱ्यात चेहरा दिसतो, आतून अतिशय नम्र आवाज येतो की सध्या गरज नाही, आणि टक्. जपानी नकाराला ओरखडा नसतो, आणि म्हणूनच तो जास्त लागतो, असं एकाने लिहून ठेवलं आहे. शिवी दिली असती तर निदान रात्री सांगायला काही झालं असतं. मग स्टेशनाबाहेर उभं राहायचं, फुकट इंग्रजी वर्गाची पत्रकं वाटायची. हा वर्ग दर आठवड्याला चर्चच्या खोलीत भरतो आणि तिथे माणसं खरोखर येतात: निवृत्त शिक्षक, परीक्षेला बसलेली मुलं, नवरा दिवसभर बाहेर असलेल्या बाया. शेवटी पंधरा-वीस मिनिटं धर्माची. त्याआधी बरेच जण पिशवी उचलतात. रविवारी रात्री आठवड्याचे आकडे वर कळवायचे: किती जणांना शिकवलं, किती जण चर्चला आले, किती बाप्तिस्मे. शेवटच्या रकान्यात शून्य लिहायची सवय होते.

आकड्यांचा हा हट्ट किती महागात पडतो ते टोकियोने पाहिलं आहे. १९७० च्या दशकाअखेरीस आणि ८० च्या सुरुवातीला तिथल्या एका मिशनमध्ये रस्त्यावर गाठलेल्या तरुणांना दोन-चार भेटींत, कधी त्याच दिवशी, बाप्तिस्मा देण्याची पद्धत बोकाळली. हजारो नावं वाढली. त्यांतली बहुसंख्य पुन्हा चर्चमध्ये फिरकली नाहीत. तिथल्या मंडळ्यांना कुणालाच माहीत नसलेल्या सभासदांच्या याद्या वर्षानुवर्षं सांभाळाव्या लागल्या. त्याच्याही आधी, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, इंग्लंडात शाळकरी पोरांना बेसबॉलच्या नादाने आणून बाप्तिस्मा दिला जात असे. जपानमध्ये आज कागदोपत्री सव्वा लाखावर मॉर्मन आहेत. रविवारी बाकांवर बसणारे त्यांच्या मानाने फार थोडे. या प्रकाराचा दोष मी मुलांना देत नाही. वरून आकडा मागितला की खालून आकडा येतो, हे आपल्याला कुटुंबनियोजनाच्या शिबिरांपासून ठाऊक आहे.

मग दोन वर्षं या मुलाच्या वाट्याला येतं तरी काय? माझं उत्तर, जे पुस्तकभर पसरलं आहे, असं की त्याच्या वाट्याला जोडीदार येतो. उपदेश हा दिवसाचा छोटा भाग. उरलेला सगळा दिवस आणि सगळी रात्र तो ज्याला त्याने निवडलेलं नाही अशा एका माणसाबरोबर असतो. नियम कडक आहे: न्हाणीघर सोडलं तर एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यातच राहायचं. दुकानात एकाला मोजे घ्यायचे असतील तर दोघांनी मोज्यांपाशी उभं राहायचं. एकाला ताप आला तर दोघांचा दिवस घरात. साधारण सहा-सहा आठवड्यांनी बदल्यांचा दिवस येतो, आणि मिशनच्या अध्यक्षांकडून कळतं की जोडी टिकली की मोडली, कुणाला कोणत्या गावी कुणाबरोबर जायचं. असे दोन वर्षांत आठ-दहा जोडीदार होतात. जपानमध्ये त्यांतले काही जपानी असतात: ओसाकाचा मुलगा आणि युटाचा मुलगा एका शेगडीवर भात शिजवतात, आणि भात धुवायचा किती वेळा यावरून दोन दिवस अबोला धरतात.

अबोल्याला फार जागा नसते, हीच यातली खुबी. रात्री झोपण्याआधी प्रार्थना जोडीने करायची असते. आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून एकमेकांची उणीदुणी सांगायची असतात, तीही प्रेमाने. रोजनिश्यांत देवापेक्षा जोडीदाराचा उल्लेख जास्त वेळा येतो. कोण घोरतो, कोण ताटली विसळत नाही, कोण सायकल मुद्दाम जोरात हाणतो म्हणजे मागच्याने धापा टाकाव्यात. ‘ग्रीनी’, म्हणजे नवखा, आपल्या पहिल्या जोडीदाराकडे बाप म्हणून बघतो. आणि ‘ट्रंकी’ झालेला, म्हणजे मनाने बॅग भरून बसलेला, शेवटच्या महिन्यात कुणाच्याच कामाचा उरत नाही. याच पानांत माणूस मोठा होताना दिसतो. तिसऱ्या महिन्यात जोडीदाराच्या रडण्याचा राग येणारा मुलगा सतराव्या महिन्यात नव्या मुलाला रात्री उठवून त्याच्या आईचं नाव विचारत बसतो.

सगळ्यांना हे झेपत नाही, आणि याबद्दल चर्चच्या प्रसिद्ध साहित्यापेक्षा मी जास्त मोकळेपणाने लिहिलं आहे. काही जण निराशेने, आजाराने किंवा श्रद्धा ढळल्याने मुदतीआधी परततात. युटातल्या छोट्या गावात अशा मुलाकडे ज्या नजरेने पाहिलं जातं, ती नजर आपल्याला सासरहून परत आलेल्या मुलीच्या संदर्भात चांगली माहीत आहे. घरच्यांशी बोलणंही फार काळ दुर्मीळ होतं: पत्रं आणि पुढे ईमेल आठवड्याला, पण फोन वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला. २०१९ च्या फेब्रुवारीपासून आठवड्याला फोन करायला परवानगी मिळाली. जुनी मंडळी म्हणतात, त्याने धार गेली. ज्यांनी नाताळचा फोन ठेवल्यावर न्हाणीघरात नळ सोडून रडल्याचं मला सांगितलं, तीही हीच मंडळी. २०२० च्या मार्चमध्ये करोनाची साथ आली तेव्हा परदेशातले हजारो मिशनरी आपापल्या देशी परत बोलावले गेले, आणि कित्येकांनी उरलेली मुदत आईबापांच्या घरातल्या खोलीत, पडद्यावर उपदेश करत काढली.

परतल्यावर काहींचं पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. अमेरिकन राजकारणी मिट रॉम्नी १९६० च्या दशकात फ्रान्सात दारं वाजवत होते. ‘डिसरप्शन’ची कल्पना उद्योगजगताला देणारे हार्वर्डचे क्लेटन क्रिस्टेन्सन कोरियात होते. १९८० च्या दशकात जपानी टीव्हीवर घराघरांत पोचलेले दोन अमेरिकन, केंट गिल्बर्ट आणि केंट डेरिकट, दोघेही तिथे मुळात मिशनरी म्हणून आले होते. या यादीवरून मिशनने माणूस मोठा होतो असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मी तो काढलेला नाही, कारण परत जाऊन विम्याच्या कचेरीत बसलेल्यांची यादी कुणी करत नाही.

महाराष्ट्राशी या सगळ्याचा एक जुना धागा आहे. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा स्कॉटिश मॉर्मन मिशनरी मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याला गेला. सुरुवातीला तो एकटाच होता. छावणीत उपदेश करायला लष्कराने त्याला आडकाठी केली, इंग्रजी वृत्तपत्रांनी झोडपलं, इतर पंथांचे पाद्री तर त्याच्या नावाने बोटं मोडत होते. हाती लागले मोजके लोक, त्यातही बहुतेक युरोपीय. ते दशक संपण्याआधीच भारतातलं ते काम गुंडाळलं गेलं. आज भारतात या चर्चची मिशनं आहेत, बंगळूरचं १९९३ पासून. व्हिसाच्या अडचणीमुळे परदेशी तरुण इथे कमी आणि भारतीय तरुणच जास्त. फिंडलेवर एक छोटं प्रकरण परिशिष्टात घातलं आहे.

पुस्तकाची मांडणी दिवसांच्या क्रमाने आहे, मंगळवार ते सोमवार. सोमवार शेवटी, कारण तो त्यांचा सुट्टीचा वार: धुणं, किराणा, केस कापणं, घरी पत्र, आणि संध्याकाळी पुन्हा कामावर. त्या प्रकरणात धर्माचा शब्द फारसा नाही आणि भांडणं भरपूर आहेत. ज्यांना मॉर्मन, जपान किंवा धर्म यांतल्या कशातच विशेष रस नाही, पण वसतिगृहात, चाळीत किंवा बराकीत कधी कुणाबरोबर खोली वाटून घेतली आहे, त्यांनी तिथूनच सुरुवात केली तरी माझी हरकत नाही.